खडूने लिहिलेला पासवर्ड

जळगावच्या आमच्या कंपनीत सर्व्हरची खोली माझी होती. मे महिन्यात एसी चालू असलेली ती एकच खोली, त्यामुळे त्या दिवसांत सगळ्यांचेच कॉम्प्युटर बिघडायचे. मग सगळा कारभार ऑनलाइन गेला, सर्व्हर बंद झाला आणि खोलीत जुन्या फायली आल्या. तक्रारी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीकडे जाऊ लागल्या. माझी खुर्ची तेवढी राहिली. गरज सरो वैद्य मरो, असं मी घरी इतक्यांदा म्हणालो की बायकोने हात जोडले. माझं कशातच मन लागेना. दिवसातून दहादा फोन उघडून बघायचो, कोणी बोलावलंय का.

पाचोऱ्याच्या आमच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात वजनकाट्यावर आबा होते. तिथे पाळीवरचे सगळे जण आबांच्याच नावाने काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचे. पासवर्ड दारामागे खडूने लिहिलेला होता. सोय म्हणून ती पद्धत मीच पाडली होती. नव्या सॉफ्टवेअरला हे चालणार नाही, एका नावाने तीन मोबाइलवरून कोणी शिरलं की ते खातं बंद करून दार लावून घेणार, हे मला पहिल्याच मीटिंगमध्ये कळलं. पुण्याच्या पोरांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मी चहा पीत राहिलो.

ऐन कापसाच्या हंगामात काटा अडला. सकाळी अकराच्या सुमाराला आबांचा फोन आला.

"भाऊ, गाड्या बठ्ठ्या उभ्या शेतस. तू येस का?"

सगळ्या गाड्या खोळंबल्या होत्या आणि खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. मोटारसायकल काढून मी सुसाट निघालो. पोचलो तर माझ्या हातात काहीच नव्हतं. मीही पुण्यालाच फोन लावला आणि होल्डवरचं गाणं ऐकत बसलो. बाहेर शेतकरी ओरडत होते, आबा त्यांना पाणी देत फिरत होते. काटा चालू व्हायला चार वाजले.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी आबांकडून लेखी खुलासा मागितला. नावाचा गैरवापर, असं पुण्याहून आलेल्या मेलमध्ये होतं. आबांची निवृत्ती दोन वर्षांवर आलेली, इतक्या वर्षांत एक ठपका नाही. शेवटी साहेबांसमोर उभा राहिलो आणि पद्धत कोणाची ते सांगितलं. मीटिंगमध्ये गप्प बसलो तेही सांगितलं. त्यांनी आबांचा कागद फाडला आणि माझ्यापुढे कोरा सरकवला.

संध्याकाळी आबांना भेटायला पाचोऱ्याला गेलो. ते दारामागचा खडू ओल्या फडक्याने पुसत होते. मी सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"तुले ठाऊक व्हतं, मंग सांगं काब नही?"

"मला वाटलं, अडलं की तुम्ही मला बोलवाल."

आबांनी फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं. मग म्हणाले, "भाऊ, काही काम नसतं, तू असाच येता, तरी मी तुले चहा पाजता."