अमीनभाईंचे निळे पट्टे

अमीनभाईंनी आयुष्यात इतकं कापड विणलं, की सगळं अंथरलं असतं तर ते धुळ्याहून जळगावला कितीदा तरी जाऊन परत आलं असतं, आणि वर सासुरवाडीलाही एक चक्कर झाली असती. पण त्यातलं हातभर कापडही त्यांना पुन्हा कधी भेटलं नव्हतं. हेच त्यांचं जुनं दुखणं.

घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चार माग. तीस वर्षं त्यावर एकच माल निघाला, पांढरं कोरं कापड. तागे भरले की टेम्पो यायचा, माल डाईंगला जायचा, आणि तिथं अख्खा तागा रंगात बुडायचा. कुणाच्या नशिबी मेंदी रंग, कुणाच्या नशिबी चॉकलेटी. एकदा रंगात बुडालं की आपलं काय नि शेजाऱ्याचं काय, सगळं सारखंच. ईदच्या खरेदीला गेले की हा माणूस दुकानातलं प्रत्येक कापड चिमटीत धरून बघायचा. "हे माझं तर नसेल?" दुकानदार कंटाळायचा, आणि बायको खातून पदर तोंडाला लावून दुकानाबाहेर जाऊन उभी राहायची.

तर अशा माणसाच्या दारात एका सोमवारी कापडाचे व्यापारी प्रेमराजशेठ रंगीत सुताचा बीम घेऊन आले. बीम म्हणजे मागाच्या मागे बसवायचा तो उभ्या धाग्यांचा भला मोठा रूळ. त्यावर बारा धागे निळे, बारा पांढरे, पुन्हा बारा निळे, असे पट्टे ओळीनं मांडलेले.

"अमीनभाई, ह्या वेळी सूत आधी रंगवलंय आणि कापड नंतर विणायचंय," शेठ म्हणाले. "माळ ओवून झाल्यावर रंगात बुडवली तर सगळे मणी एकाच रंगाचे होतात. आधी मणी रंगवले, तर पाहिजे तशी नक्षी ओवता येते. शर्टाचं कापड आहे. मागावरून उतरलं की झालं, डाईंगची भानगड नाही. पहिले वीस मीटर चोख द्या, चारही माग पट्ट्यांना लावू. नाही जमलं, तर आपलं पांढरं आहेच."

अमीनभाईंच्या कानात शेवटचं वाक्य शिरलंच नाही. मागावरून उतरलं की झालं! म्हणजे आपण जे विणू तेच दुकानात जाणार, तेच माणसाच्या अंगावर चढणार. बाजारात दिसलं तर ओळखू येणार! त्या दिवशी ते दोनदा जेवले, आणि दोन्ही वेळा काय जेवले ते त्यांना आठवेना.

बुधवारी सकाळी माग सुरू झाला. आडवा धागा घेऊन धोटा खडाखड धावू लागला आणि फणीच्या फटींतून आलेल्या उभ्या धाग्यांचं कापड पुढं सरकायला लागलं. निळा पट्टा, पांढरा पट्टा, निळा पट्टा. अमीनभाई अक्षरशः नाचायचे बाकी राहिले. धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरता भरता खातूनही सुरुवातीला दर दहा मिनिटांनी उठून बघून जात होती. रंगीत कापड आपल्या शेडमध्ये जन्माला येतंय, हे तिच्याही पचनी पडत नव्हतं.

तिसऱ्या मीटरला दोन धागे तटकन तुटले. एक निळ्या पट्ट्याच्या कडेचा, दुसरा त्याला लागून असलेला पांढरा. अमीनभाईंनी माग थांबवला, धागे जोडले, फणीतून ओढले, माग चालू. पंधरा सेकंदांचं काम. ते करताना त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. कशाला पाहतील? तीस वर्षं पांढऱ्यात कुठलाही धागा कुठल्याही फटीत घातला तरी कापड तेच, आणि वरून डाईंगवाला सगळं झाकून टाकणारच. बोटांना तीच खोड लागलेली.

दुपारी खातून कांड्या घेऊन आली आणि जागीच थांबली. मागांच्या खडखडाटात बोलून काही ऐकू जात नाही, तिथं हातांनीच बोलायचं. तिनं पंजा उभा धरला: थांबवा. मग बोट कापडावर ठेवलं.

निळ्या पट्ट्याच्या कडेला एक पांढरा धागा घुसला होता, आणि निळा त्याच्या पलीकडे, पांढऱ्यांत जाऊन बसला होता. दोघांनी जागा बदलल्या होत्या. आणि हे तिसऱ्या मीटरपासून थेट विसाव्यापर्यंत, सरळ रेघेत. अमीनभाईंनी चारही माग बंद केले. प्रेमराजशेठ चारला येणार होते.

"नाजमीनचे अब्बा, घडी अशी घालू की तो पट्टा आत जाईल," खातून हळूच म्हणाली.

मोह झाला, खोटं कशाला बोला. पण अमीनभाईंनी मान हलवली. "पांढऱ्यात लपलं असतं गं. ह्यात चूक झाकायला कुणी येत नाही."

शेठ आले तेव्हा अमीनभाईंनी स्वतःच कापड उलगडलं आणि चुकीवर बोट ठेवलं. शेठनी चष्मा वर केला, खाली केला. खातूननं आणलेला चहा गार झाला.

"दुसरा असता तर घडी घालून दिली असती," शेठ शेवटी म्हणाले. "हा तुकडा कटपीसमध्ये, तुकड्यांच्या स्वस्त बाजारात जाईल. बीम बराच शिल्लक आहे. धागे नीट करा, पुन्हा वीस मीटर."

ते वीस मीटर अमीनभाईंनी श्वास रोखून विणले. धागा तुटला की आधी रंग मोठ्यानं म्हणायचा, "निळा!", आणि मगच ओढायचा. माल पास झाला. महिन्याभरात चारही माग पट्ट्यांना लागले. आनंद गगनात मावेना, पण बाजारात गेल्यावर पुन्हा तीच बोंब. निळे पट्टे शंभर मागांवर निघतात, त्यांतले आपले कुठले?

मग परवा अमीनभाई सुताच्या कामासाठी नरडाण्याला गेले होते. स्टेशनच्या बाकावर एक शेतकरी शेंगा खात बसलेला. अंगात शर्ट, निळे पट्टे. अमीनभाईंची नजर सवयीनं पट्ट्यांवरून फिरली आणि छातीवर खिळली. एक पांढरा निळ्यात, एक निळा पांढऱ्यात, खिशापासून पार खालपर्यंत. त्यांनी धावत जाऊन त्या माणसाची बाहीच धरली.

"काय शे भाऊ? काय देखी ऱ्हायनात?" तो माणूस, धनसिंग त्याचं नाव, दचकून उठला. शेंगा सांडल्या.

"हाऊ सदरा... कोठे लिन्हा?" कुठून घेतला, ते अमीनभाईंना कळायलाच हवं होतं.

"कटपीस बजारमाईन. दहा डाव धोया, रंग काही गया नही." धनसिंगनं अभिमानानं छातीवरच्या त्या रेघेवर बोट फिरवलं. "आनि हाई डिझाईन देखा. बठ्ठा गावमा असा सदरा कोनाकडेच नही."

अमीनभाईंच्या ओठांवर 'चूक' हा शब्द आला होता. तो त्यांनी गिळला. डोळे भरून आले, हसूही फुटलं, आणि खिशातून फोन काढून त्यांनी खातूनला व्हिडिओ कॉल लावला.

"सापडलं!" ते ओरडले, अख्खा फलाट वळून पाहायला लागला. मग फोन धनसिंगच्या छातीसमोर धरून त्याला म्हणाले, "हाई कापड मीच इनेल शे भाऊ. जरा सरळ उभा ऱ्हाय, मन्ही बायकोले देखू दे."