डोहाळजेवणातली धाप

मैत्रिणींनो, परभणीच्या दवाखान्यातून लिहितेय. माझी भाची पूजा आत ऑक्सिजनवर आहे.

आज दुपारी बोरीला तिचं डोहाळजेवण होतं. हिरव्या साडीत बसलेल्या पूजाचं अंग तापलं होतं, खोकला थांबत नव्हता. "मावशी, मला..." एवढं बोलूनच तिला दम लागला.

मी म्हटलं, "हिला दवाखान्यात नेऊ."

तिच्या सासूबाई म्हणाल्या, "दोन जिवाची हाय, धाप लागणारच."

"तापावर गोळी दिली का?"

"पोटुशीला गोळ्या चालत न्हाईत. अन् ओटी भरल्याबिगर उठू न्हाई, बाई."

एक पाहुणी हसली, "मावशीलाच लय घाई झालीय."

मी पूजाचा हात धरून तिला उठवलं.

इथल्या डॉक्टर म्हणाल्या, फ्लू छातीत उतरलाय. गरोदरपणात तो लवकर बळावतो, ताप आला तेव्हाच औषध हवं होतं. बाळाचे ठोके नीट आहेत. पूजाबद्दल मात्र अजून काही सांगता येत नाही.

मला राग आवरत नाहीये. बाळासाठी एवढे पदार्थ रांधले, पण त्याच्या आईला श्वास घेता येतोय का, हे कुणी पाहिलं नाही. तुमच्या घरात गरोदर बाईला धाप लागली, तर "असं होतंच" असं आधी कोण म्हणतं?