पगाराच्या कोडवरची गर्दी

शायनाने नोटीस वाचली आणि हातातला डबा टेबलावर असा आपटला, की शेजारच्या शितलचा चहा बशीत आला.

"पगाराच्या कामामुळे संगणकावर ताण येतो. सबब ते काम यापुढे रविवारी करावे." खाली कॉम्प्युटर विभागाच्या सुदर्शनसाहेबांची सही.

"ताण म्हणे! आणि देते कोण? मी!"

रांजणगावच्या त्या कारखान्यात मेनफ्रेम नावाचं संगणकाचं धूड होतं. मुंबईच्या हेड ऑफिसने वापरून वापरून इकडे धाडलेलं, भिंतभर कपाटं लावावीत तसं अवाढव्य. पगार, स्टोअर, उत्पादन, सगळ्या खात्यांची कामं त्या एकाच मशीनच्या गळ्यात. शायना शिरूरची सून, दौंडची लेक, बी.एस्सी. होऊन पगार खातं एकटीने ओढायची. तिची अम्मी, चांदबी, दौंडला अंथरुणावर होती. अर्धं अंग वाऱ्याने गेलेलं. जेवू शेजारीण घालायची, पण अंघोळीला लेकीखेरीज कुणाचा हात लागू द्यायची नाही. रविवारी पहिल्या एसटीने शायना तिकडे जायची. म्हणजे रविवार गेला की एक तर नोकरी सोडा, नाही तर अम्मीला पारोशी ठेवा.

ती तडक साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. "कशावरून पगारच?"

"मी नाही, मशीन सांगतंय," सुदर्शनसाहेब शांतपणे म्हणाले. "मागच्या सहामाहीचं बघितलंय मी. प्रोसेसरचा निम्म्याहून जास्त वेळ तुमच्या कोडवर गेलाय."

मशीनवर काम सोडताना खात्याचा कोड घालावा लागे, आणि कुठल्या कामाने प्रोसेसर किती राबवला याची नोंद मशीन आपणहून ठेवी. नोंद खोटी नव्हती. मग शायनाच्या डोक्यात उजेड पडला आणि त्यासरशी संतापही चढला. पगार थांबू नये म्हणून पगाराच्या कोडला मशीन आधी हात घाली. हे एकदा कळल्यावर जो तो आपलं काम त्याच कोडवर सोडायला लागला होता. रॉकेलच्या रांगेत ओळखीच्या बाईपाशी आपला डबा सरकवावा, तसं! "ताई, तेवढं तुमच्या कोडवर टाकतो हं," म्हणायचे, आणि हीही मान हलवायची.

"कोड माझा असेल, साहेब. कामं माझी नाहीत."

"दाखवा की मग."

नोंदीत कोडबरोबर कामाचं नाव असे आणि ते कुठल्या खोलीतल्या टर्मिनलवरून आलं तेही. शायनाने त्या नोंदींच्या जुन्या टेपा काढल्या आणि कोड बाजूला ठेवून, कुणाच्या कुठल्या कामाने मशीन किती खाल्लं ते वेगवेगळं काढणारा प्रोग्राम लिहिला. भर सकाळी चालवला, तर तोच इतका जड निघाला की मशीन हलेना. स्टोअरमधून फोन आला. "कोण हाय तिकडं? पार बसवलं की मशीन!"

"मीच आहे! सहा महिन्यांचं तुमचं खाल्लेलं मोजतेय!" म्हणून तिने फोन आदळला. पुढे मग जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने पोळीभाजी खात काम केलं.

निघालेल्या आकड्यांचा तिने आलेख काढला, तो बोलका निघाला. पगाराचं खरं काम महिन्याच्या सुरुवातीला उसळी मारून गपगार व्हायचं. त्यातही तिचाच एक प्रोग्राम दर वेळी वर्षभराची हजेरी वाचत बसायचा, गरज एका महिन्याची असताना. दातओठ खात तिने तेही लिहिलं आणि दुरुस्त केलं. पण दिवसभर मशीनवर बसलेला हत्ती होता स्टोअरचा. केंदूरचे बापूसाहेब, स्टोअरचे प्रमुख, एक बोल्ट शिल्लक आहे का बघायला अख्ख्या गोदामाचा रिपोर्ट सोडायचे. उठता-बसता.

सुदर्शनसाहेबांनी आलेख उलटसुलट पाहिला. "बरोबर आहे. फक्त स्टोअर नका लिहू. 'इतर खाती' करा. बापूसाहेब वयाने मोठे, मालकांच्या बैठकीतले."

"नोटिशीत 'इतर खाती' का नाही लिहिलंत, साहेब? तिथं बरं 'पगार' लिहायला हात धजला!"

"तुमचं नाव कुठं घातलं होतं?"

"पगारात माझ्याशिवाय आहे कोण? टेबल?" तिचा आवाज बाहेर ऐकू गेला. "माझी आई आठवडाभर माझी वाट बघते, तो रविवार तुम्ही एका सहीनं पुसलात. आता खरं लिहायला माणसाचं वय बघायचं? स्टोअरच राहील."

स्टोअरच राहिलं. चार दिवसांनी नवी नोटीस लागली: पगाराचं काम पूर्ववत, ज्याने त्याने आपापलाच कोड वापरावा. चूक झाली, असा शब्द कुठे नव्हता. शायनाने कागदाची मागची बाजूही बघितली.

दुपारी बापूसाहेब दारात उभे. "शायनाताई, एवढा एक रिपोर्ट सोडा की तुमच्या कोडवर. मालक बसल्याती."

"कशाचा?"

"एक बेअरिंग हाय का बगायचंय."

"मग एका बेअरिंगचंच विचारा मशीनला! गोदाम कशाला उपसता?"

बापूसाहेब बघतच राहिले. "आसं एकाचं इचारता येतं व्हय? मला तर त्यो मोठा रिपोर्टच दावला हुता पयल्या दिशी."

ह्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं! शिकवायचं होतं ज्यांनी, ते केबिनमध्ये बसून नोटिसा काढत होते. शायनाने खुर्ची ओढली, त्यांना शेजारी बसवलं आणि कळा अशा बडवत दाखवलं की कीबोर्ड टेबलावर नाचला.

"मशीनवर कशापायी राग काढताय, ताई?" बापूसाहेब हळूच म्हणाले.

"तुमच्यावर काढू?"

"नको नको. बडवा."

ते बेअरिंगचा आकडा घेऊन गेल्यावर शितल म्हणाली, "मिटलं ना सगळं? आता तरी हस की, बाई."

"हसते, रविवारी," शायना उठत म्हणाली. "आधी साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन विचारून येते, शिकवायचं कुणी होतं ते."