साठ खेळ, साठही लाल

कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की आई मला न विचारता ‘पाठवते ना तिला’ म्हणून मोकळी होते. मी नागभीडला घरूनच एका कंपनीसाठी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते. सॉफ्टवेअरशी माझं जमतं. ते ज्यांचं असतं त्यांच्याशी बोलायची वेळ आली की मी मेसेजवर भागवते. पण आईने मागच्या गल्लीतल्या चाचांना शब्द दिला होता, त्यामुळे दिवाळीनंतर दोनच दिवसांनी मी त्यांच्या बाहेरच्या खोलीत बसले होते.

चाचा कूलरच्या आणि पंपाच्या मोटारी दुरुस्त करतात. एके काळी स्टेशनच्या रस्त्यावर त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. तिथे मुली जात नसत. मला आठवतात त्या मुलांच्या पाठी आणि आतून येणारे मारामारीचे आवाज. यंदा चाचांनी तिथली एक गेमची पेटी पुन्हा उभी केली होती. बाहेरून तीच दांडी, तीच बटणं. आत मात्र साधा कॉम्प्युटर. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुण्यांची गर्दी. शेजारच्या गावची मंडई चार दिवसांवर होती आणि चाचांना पेटी तिथे लावायची होती.

पेटी चांगली शेजारच्या लोखंडी कपाटाएवढी. तिच्यामुळे खोलीचं दार अर्धंच उघडायचं. मी आडवी होऊन आत शिरले तेव्हा चाची म्हणाल्या, “पाहिलं ना बेटा? मी सांगून ठेवलं यायले. मंडईत चालली तर घरात, नाई चालली तर बाहेर.”

“चालते कशी नाई!” चाचा म्हणाले.

“मग चालवून दाखवा ना. चार दिवसांपासून नुसतं लाल-लाल पाहून राह्यली मी.”

लाल खरंच होतं. खेळांच्या फाईली नीट लावून ठेवणारं एक सॉफ्टवेअर असतं. जो खेळ पूर्ण आहे त्याच्यापुढे हिरवा ठिपका, ज्यात काही कमी आहे त्याच्यापुढे लाल. चाचांच्या यादीत साठ खेळ होते आणि साठही लाल.

“तू इंग्लिश मिडियमची आहेस ना,” चाचा म्हणाले, “वाच काय लिहिलं ते.”

सगळ्यांना वाटतं अडचण इंग्रजीची असते. मी वाचलं. “फाईल सापडत नाही म्हणतंय.”

“काऊन सापडत नाई? हे काय, माह्या डोळ्यासमोर आहे!”

त्यांनी फोल्डर उघडून दाखवलं आणि मला हसू दाबावं लागलं. फाईलींची नावं होती ‘टोपीवाला’, ‘मोठं जहाज’, ‘माकड’, ‘दाढीवाल्याची कुस्ती’. मूळची सहा-आठ अक्षरांची विचित्र इंग्रजी नावं चाचांनी एकेक करून पुसली होती.

“आता मंडईत पोट्टे येतील,” ते म्हणाले, “ते ‘टोपीवाला लावा’ म्हणतील. मले सापडाले नको?”

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. फक्त सॉफ्टवेअर नागभीडचं नव्हतं. मी आधी सगळ्याची एक कॉपी काढली. तशी मी कुणावर पटकन विश्वास टाकत नाही, सॉफ्टवेअरवर तर नाहीच. मग त्याला सांगितलं की बाहेरचं नाव बघू नकोस, प्रत्येक फाईल उघडून आत काय आहे ते तपास आणि खरं नाव तूच लाव. यादीत दिसणारी नावं वेगळी ठेवता येतात, तिथे चाचांची नावं टाकली. टोपीवाला टोपीवालाच राहिला.

एकेक ठिपका हिरवा होत गेला. चाचा मोजत होते. एकेचाळीसवर गाडी थांबली.

उरलेले एकोणीस लालच. ते सगळे मारामारीचे, म्हणजे ज्यांच्यासाठी लोक पेटीपाशी येणार तेच. मी जरा घाबरतच विचारलं, “चाचा, काही डिलीट केलं होतं का?”

“डिलीट नाई, साफसफाई केली. दिवाळीच्या अगोदर घर साफ झालं, मग मी हेही केलं.” त्यांचा आवाज अभिमानाचा होता. “मारामारीचा एकेक खेळ दोन-दोनदा होता. आपल्या दुकानात जो चालाचा तो ठेवला, दुसरा फेकला.”

तेव्हा उलगडा झाला. आमच्याकडच्या दुकानांत तेव्हा बहुतेक नकली मशीनच यायच्या. चाचांनी ओळखीचे म्हणून नकली खेळ ठेवले आणि अनोळखी दिसले म्हणून अस्सल फेकून दिले. पण नकली खेळाच्या फाईलीत फक्त बदललेला भाग असतो. बाकी सगळं तो अस्सलकडून घेतो.

हे त्यांना कसं सांगावं कळेना. शेवटी म्हटलं, “नाटकात नट तुमच्या गावचे, पण ऑर्गन, पडदे, लाईट सगळे दुसऱ्या कंपनीकडून आणलेले. तुम्ही त्या कंपनीलाच हाकललंत.”

आतून चाचींचं हसणं ऐकू आलं.

रिसायकल बिनही त्यांनी झाडून रिकामा केला होता. मग मी विचारलं, फाईली आल्या कशातून? नागपूरच्या एका मेकॅनिकने जुन्या बोर्डांवरून काढून मेमरी कार्डात भरून दिल्या होत्या.

“मग ते कार्ड कुठे आहे?”

चाचांनी आवाज खाली आणला. “हिच्या मोबाईलमध्ये टाकलं.”

आणि ते माझ्याकडे बघायला लागले. म्हणजे मागायचं मीच. मी स्वयंपाकघराच्या दारात गेले. चाची भाजी निवडत होत्या. कार्ड दिलं नाही तर पेटी आपोआप घराबाहेर जाणार होती, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं. मी कसंबसं विचारलं.

त्यांनी हात पुसले आणि मोबाईल पुढे केला. “नातवाचे फोटो गेले तर तुझ्या आईले सांगीन.”

फोटो नऊशेच्या वर होते. त्यांच्या खाली, कधीच न उघडलेल्या एका फोल्डरात, सगळे खेळ जसेच्या तसे पडून होते.

“तुम्ही पुसलं नाहीत हे?”

“मले पुसता कुठी येते? मेमरी फुल, मेमरी फुल असं सालभरापासून ओरडून राह्यला तो.”

पंधरा मिनिटांत साठही ठिपके हिरवे झाले. चाचा टाळी वाजवून म्हणाले, “वा! आता एकदा साफसफाई...”

“नाही!” हे मी इतक्या जोरात बोलले की माझी मीच दचकले.

मंडईच्या दुपारी मी मैत्रिणीबरोबर लांबूनच बघून आले. पेटीपाशी उभ्या होत्या चाळिशीच्या पुढच्या माणसांच्या पाठी. “अरे, मले दे ना आता, तू मरून राह्यला नुसता!” असं म्हणत एक जण दुसऱ्याला कोपराने ढकलत होता. पेटी एकदाही अडली नाही.

तरी दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना चाचांच्या दारात भंगारवाल्याचा ठेला दिसला आणि मी थांबले. बाहेरच्या खोलीतून काहीतरी मोठं, जड ओढल्याचा आवाज येत होता. एरवी मी मान खाली घालून निघून गेले असते. पण त्या दिवशी रस्ता ओलांडून सरळ दाराशी गेले.

“चाची, मशीन चालली होती! मी स्वतः बघितलं!”

चाचींनी घाम पुसत माझ्याकडे पाहिलं. “चालली ना. म्हणून तर माह्या माहेरचं कपाट देऊन राह्यली. दार उघडाले नको का? धर जरा इकडून.”

मी दुधाची पिशवी पायरीवर ठेवली आणि कपाटाला हात लावला.