क्रोमच्या हौदावरचा पंखा

आमच्या वर्कशॉपचे किस्से म्हणजे हौदाच्या तळाचा गाळ. खरवडून काढला की वाटतं, संपला एकदाचा. चार दिवसांत पुन्हा तेवढाच! लग्नाला जा, बारशाला जा, कोणीतरी कोपर मारून म्हणतंच, "ए, ते रॉकेटचं सांग ना!" मी सांगते, लोक पोट धरून हसतात. घरी आल्यावर मात्र माझं डोकं भणभणतं, कारण यातला एकही किस्सा हसण्यासारखा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लातूरच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये आमचं प्लेटिंगचं वर्कशॉप. मालक बिराजदार. किल्लारीच्या भूकंपानंतर गावोगाव पत्र्याच्या शेडी उभ्या राहिल्या, त्यांच्या बोल्टांना जस्ताचा मुलामा देता देता हा माणूस वर आला. पुढे हैदराबादच्या एका कंपनीशी सूत जुळलं आणि आम्ही चक्क रॉकेटमधल्या ॲल्युमिनियमच्या ब्रॅकेटांवर थर चढवायला लागलो. क्रोमिक ॲसिडचा कोमट हौद, त्यात ब्रॅकेट टांगायचे आणि करंट सोडायचा. ब्रॅकेट गंजत नाही. पण हौदातून बारीक पिवळसर धुकं वर येतं आणि ते माणसाच्या नाकात जातं. या क्रोमनं कॅन्सर होतो हे पुस्तकात वाचलं होतं. ते नाकाच्या आतला पडदा खातं, हे मला तिथं कळलं.

मी तिथली केमिस्ट. हिमायतनगरहून डॉक्टर व्हायला लातूरच्या क्लासला आले, सीट थोडक्यात हुकली, मग बीएस्सी केली. आणि हौदावर उभे असायचे गफूरचाचा. घराणं कलईवाल्यांचं. घराघरांतून पितळी भांडी गेली, त्यांच्यामागं कलई गेली आणि चाचा आमच्या हौदावर आले.

आज त्या हौदावर धुकं ओढून बाहेर टाकणारा मोठा पंखा आहे. मालक सांगतात, मी बसवला. हैदराबादवाले सांगतात, आम्ही. दोघंही खोटारडे! तो कसा आला ते शेवटी सांगते.

* * *

हैदराबादहून क्वालिटीचे राव साहेब यायचे. भारी नीटनेटका माणूस. बुटांवर कापडी पिशव्या चढवल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. पहिल्याच फेरीत त्यांनी चाचांना उघड्या हातानं ब्रॅकेट उचलताना पाहिलं आणि साप दिसल्यासारखे किंचाळले, "हाथ मत लगाओ! पसीने में नमक होता है!"

पुढच्याच गाडीनं पांढऱ्याशुभ्र सुती हातमोज्यांचा खोका आला. हौदाच्या कामाला चाचांकडं जे रबरी हातमोजे होते, ते अंगठ्यापाशी फाटलेले. बोटांवर ॲसिडनं पडलेले खड्डे. मी रावांना म्हटलं, "सर, खोक्यात चांगले रबरीपण टाकायचे की!"

"मॅडम, वो हमारे स्पेसिफिकेशन में नहीं आता."

चाचांनी पांढरा हातमोजा चढवला, हात उलटासुलटा करून बघितला. म्हणाले, "म्याडम, म्हंजे माजा घाम पार्टला चालत न्हाई, आन पार्टचं तेजाब मला चालतंय?"

कप्पाळ माझं! रिपोर्टवर सही केली आणि आत जाऊन बसले.

* * *

कारखान्यांची सुरक्षा तपासणारे साहेब येणार असं कळलं की आमच्याकडं दिवाळी. फरशी धुवायची, आग विझवायच्या सिलिंडरवरची धूळ पुसायची आणि हौदावर पंखा दाखवायचा. पण पंखा होता कुठं? मालकांचा मेव्हणा मंगल कार्यालय चालवायचा. त्यानं मांडवातला पंखा आणून दिला. पुरुषभर उंचीचा, आणि जाळीवर लाल रंगात "सुस्वागतम्"!

मी मालकांना सांगितलं, "अहो, हा पंखा हवा ओढत नाही, फेकतो."

"ओ म्याडम, साहेबाला काय कळतंय? आवाज आला म्हंजे झालं!"

साहेब आले. बटण दाबलं. हौदावरचं सगळं धुकं जे निघालं, ते थेट मालकांच्या केबिनमध्ये! मालकांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "बिराजदार, देशाच्या रॉकेटचं काम म्हटल्यावर माणसाचं मन भरून येतंच हो!"

शेरा मिळाला, "हवा खेळती आहे." संध्याकाळी पंखा पुढच्या लग्नाला निघून गेला. चाचा आठवडाभर खोकत होते.

* * *

आमचा फिटर बालाजी किल्लारीचा. लहानपणी त्याला ढिगाऱ्याखालून ओढून काढलेलं. तेव्हापासून हा गडी कुठंही गेला की आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवतो. सिनेमाला गेला तरी तेच, सासरी गेला तरी तेच.

नियमानं शेडला मागं दुसरं दार पाहिजे होतं. मालकांनी दार केलं आणि लगेच त्याला कुलूप ठोकलं. "चोऱ्या होतेत," म्हणाले. किल्ली त्यांच्या खिशात आणि दुपारी ते जेवायला घरी.

अशाच एका दुपारी जमीन हलली. बारकाच धक्का, पण हौदातलं क्रोम काठावरून फरशीवर सांडलं आणि टांगलेले ब्रॅकेट एकमेकांवर आपटायला लागले. पुढच्या वाटेवर ॲसिड, म्हणून आम्ही सगळे मागच्या दाराकडं पळालो. दाराला हे एवढं कुलूप! मी दोन्ही मुठींनी दार बडवत होते. बालाजीनं मला बाजूला सारलं, बिजागरीच्या बाजूनं एक खांदा दिला आणि दार कुलपासकट बाहेर आडवं पडलं! पठ्ठ्यानं बिजागऱ्यांच्या खिळ्या कधीच काढून ठेवल्या होत्या. दार नुसतं टेकवलेलं.

मालक धापा टाकत आले. माणसं किती, कोणाला लागलं का? छे! "दार कोनी मोडलं?"

बालाजी म्हणाला, "कुलूप बगा की मालक. जसंच्या तसं हाय."

* * *

लातुरात तेव्हा क्लासचं नुसतं पेव फुटलेलं. बघावं तिकडं टॉपरांच्या फोटोंचे बोर्ड, आणि सायकलीवर पाठीला ओझं लावलेली पोरं. एका क्लासचे सर आपली पोरं घेऊन आमच्याकडं आले. सोबत बॅनर होता, "रॉकेट आपल्या लातूरचं!"

सर हौदाच्या बाजूला उभे राहून गरजले, "क्रोमियम! ऑक्सिडेशन स्टेट?"

"प्लस सिक्स!" पोरं एका सुरात ओरडली. पत्रे दणाणले.

मी मधेच विचारलं, "आणि ते माणसाचं काय करतं?"

पोरं सरांकडं बघतात, सर माझ्याकडं. मग सर हसून म्हणाले, "म्याडम, तेवढं यंदा सिलॅबसला न्हाई."

तेवढ्यात चाचांनी गळ्यातल्या रुमालानं नाक पुसलं. रुमालावर रक्त. पुढच्या ओळीतल्या एका मुलीनं ते बघितलं आणि काही बोलणार, तर सरांनी तिला फोटोसाठी रांगेत ढकललं. नंतर तो फोटो पेपरात आला. त्यात बॅनर होता, सर होते, हौदसुद्धा होता. चाचांना कडेला कापलं होतं.

* * *

मग आम्हाला युरोपातल्या एका उपग्रहाचं काम मिळालं. तिकडचा कायदा कडक. हे क्रोम वापरायचं तर खास परवानगी काढा, माणसाला इजा होणार नाही हे सिद्ध करा, नाहीतर दुसरं काही शोधा. म्हणून त्यांच्या ब्रॅकेटांसाठी क्रोम नसलेला नवा हौद बसला. त्याला झाकण, काठानं वाफ ओढणारी नळी, सगळं झकास! मी तर नाचायचीच बाकी होते.

रावांना विचारलं, "सर, आता आपल्या रॉकेटचे ब्रॅकेटपण याच हौदात?"

"नहीं मॅडम! पुराना प्रोसेस क्वालिफाइड है. एक बूँद बदली तो सारे टेस्ट फिर से. बरसों लगेंगे."

"मग जुन्या हौदावर निदान ओढणारा पंखा तरी?"

"हवा चलेगी तो हौद का टेम्परेचर बदलेगा. प्रोसेस फ्रोजन है!"

आता खरं सांगायचं तर रावांचं सगळंच काही चूक नव्हतं. रॉकेट वर गेल्यावर ब्रॅकेट तुटला तर पाना घेऊन कोण जाणार? एवढं मलाही कळतं. पण प्रोसेस गोठवताना तिच्यासमोर उभा असलेला माणूसही गोठवलाय, हे एकाही शहाण्याच्या डोक्यात येऊ नये? दोन हौदांत दहा पावलांचं अंतर. एका हौदावर माणसाला नाक असतं, दुसऱ्यावर नसतं!

चाचा सकाळी नव्या हौदावर असायचे, दुपारी जुन्या. जेवायला आम्ही सगळे आपोआप नव्या हौदापाशी बसायला लागलो. एकदा भाकरी मोडता मोडता चाचा म्हणाले, "बगा म्याडम, सकाळच्या पारी मी विलायतचा मानूस. जेवून उटलो की लातूरचा."

* * *

ईदेच्या दिवशी चाचांनी मला अत्तराची कुपी दिली आणि हळूच विचारलं, "बेटी, खस हाय का गुलाब?"

मला वाटलं, गंमत करतायत. ते गंमत करत नव्हते. त्यांना वासच येत नव्हता, आणि ही गोष्ट त्यांनी घरीसुद्धा सांगितली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांना ओढतच नाकाच्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी एका नाकपुडीत बॅटरी धरली, तर उजेड दुसऱ्या नाकपुडीतून बाहेर! मधल्या पडद्याला भोक. चाचा मान तशीच वर ठेवून हसले. "आरपार क्या, डाक्टरसाब?"

मी तरातरा मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. मालक म्हणाले, "माजं काय म्हननं हाय? हैदराबादला विचारा." रावांना फोन लावला. ते म्हणाले, "वर्कर बिराजदार का है, उनसे बात करो." पार्ट हैदराबादचा, शेड मालकांची, कायदा सरकारचा. चाचांचं नाक कोणाचंच नाही! इतका संताप आला की फोन आपटला, तो फुटला.

मी काम बंद पाडायच्या गोष्टी करायला लागले, तर चाचांनीच हात जोडले. त्यांची शबाना मेडिकलच्या क्लासला होती. म्हणाले, "नक्को बेटी. काम गेलं तर पोरगी घरी बसंल. तिचं होऊ द्या, मग बगू नाकाचं."

* * *

आता पंख्याचं. ज्या दिवसानंतर महिनाभरात तो बसला, त्या दिवसाची ही गोष्ट.

हौदातून नुकत्याच काढलेल्या ब्रॅकेटचा थर टीपकागदासारखा असतो. त्यावर जे पडेल ते पिऊन टाकतो, मग निघत नाही. एक दिवस वाळत टांगलेल्या ब्रॅकेटवर लाल ठिपका सापडला. सगळा लॉट नापास! राव साहेब स्वतः हैदराबादहून धावत आले, ठिपक्यावर भिंग धरलं आणि फणफणले, "ये खून है! किसका है?"

मालकांनी चाचांकडं बघितलं. लगेच म्हणाले, "साहेब, उद्यापासनं हा मानूस हौदावर दिसनार न्हाई."

चाचांचा चेहरा पडला. त्यांच्या डोळ्यांपुढं शबाना उभी राहिली असणार, माझ्याही राहिली. बालाजी पुढं झाला. "साहेब, हितं सगळ्यांचीच नाकं फुटायलीत. किती जनांना काढता?"

"झूठ! ऐसा होता तो कोई बताता नहीं?"

मी इतके दिवस दुसरं काय करत होते? माझ्या तोंडून शिवीच गेली. मराठीत होती, त्यांना कळली नसावी.

"मैं खुद बैठके देखूँगा," राव म्हणाले. "रूट कॉज मिले बिना नहीं जाऊँगा!"

खुर्ची मागवली आणि हौदाच्या काठाला लागून बसले. बुटांवर कापडी पिशव्या, हातात पांढरे हातमोजे. नाकावर काही नव्हतं, ते स्पेसिफिकेशनमध्ये येत नव्हतं ना! चाचा गुपचूप ब्रॅकेट बुडवत होते, काढत होते. दुपारनंतर राव खोकायला लागले. मालकांनी चहा पाठवला, केबिनमध्ये बसा म्हणाले. राव हटेनात. डोळे लाल झाले, आवाज बसला, तरी नजर चाचांच्या नाकावरून ढळली नाही. त्या दिवशी चाचांच्या नाकातून थेंबसुद्धा आला नाही.

दिवस मावळायला शेवटचा लॉट वर आला. राव विजयी चेहऱ्यानं उठले आणि ओल्या ब्रॅकेटांवर वाकून ठिपके शोधायला लागले. शोधता शोधता त्यांनी हातमोज्यानं नाक पुसलं.

मग हातमोज्याकडं बघत तसेच उभे राहिले.

चाचांनी आपला हात रावांच्या आणि ब्रॅकेटांच्या मधे धरला. अगदी अदबीनं म्हणाले, "साब, जरा पीछे हटो. पार्टपे गिर जाईंगा."