पांढऱ्या जीपचा पेशंट

आमच्या दवाखान्यात सलाईन नव्हतं, वजनकाटा मोडलेला, अन् जुनी ॲम्बुलन्स चाकं काढून विटांवर उभी. तिच्यात कोंबड्या अंडे घालायच्या. असल्या दवाखान्यात एक दिवस कोरी पांढरी जीप आली. दारावर लाल अक्षरात एड्स लिहिलेलं. पैसा परदेशातून आलता, अन् तेवढ्याच कामाचा. मलेरियाला चालायचा न्हाई, जुलाबाला न्हाई, बाळंतपणाला तर बिलकुल न्हाई.

डॉक्टर साहेब चष्मा नाकावर ढकलून नाकातून सांगायचे, "हे वाहन इतर कामास वापरता येणार नाही." हा आवाज मी लय हुबेहूब काढायचो. बोरीच्या बाजारात चहावाला त्याच्यावर मला फुकट चहा पाजायचा. एकदा साहेबांनीच मागं उभं राहून ऐकलं. मेलो म्हणलं आता. तर त्यांनी मलाच जीपवर कामाला लावलं. गावोगावच्या बाजारात माइक घेऊन उभं राहायचं, नकला करायच्या अन् त्याच्यातून या रोगाची माहिती द्यायची. ट्रकवाला मीच, त्याची बायको मीच, डॉक्टर बी मीच. लोक हसून बेजार व्हायचे. खेळ झाला की जवळ येऊन इचारायचे, ते राहू दे, लेकराच्या खोकल्याचं औषध हाय का गाडीत? गाडीत नुसते छापील कागद होते.

त्या उन्हाळ्यात वैनीला कळा सुरू झाल्या. सकाळपासून दुपार झाली, सुटका व्हईना. नर्सबाई हात पुशीत बाहेर आल्या अन् दादाला म्हणल्या, मूल आडवं हाय, परभणीला न्या, इथं दोघंबी जातील. यष्टी चार वाजता होती. जीप लिंबाखाली उभी होती.

दादानं डोक्याचा रुमाल काढून साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी जीपची वही उघडून दाखवली. फेरी केली की कारण लिहायचं, वरून तपासणी व्हायची. दुसऱ्या एका डॉक्टरनं असल्याच गाडीतून साप चावलेला माणूस नेला तर त्याला घरी बसवलतं. "ह्याच्यात बाळंतीण लिहायला जागाच नाही," साहेब म्हणले. आतून वैनीचं वरडणं थांबलतं, त्याचीच जास्त भीती वाटायली.

माझ्या तोंडातून साहेबांचाच आवाज निघाला, नाकातला. "संशयित रुग्ण. तातडीने परभणीस हलविले. सोबत नातेवाईक दोन."

कोणी हसलं न्हाई. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "नाव काय लिहू?"

"माझं लिवा."

मागच्याच आठवड्यात वालूरला माझी सुपारी फुटलती, लगीन ठरलतं. त्या घडीला ते ध्यानातबी आलं न्हाई.

मी पुढं बसलो, पेशंट म्हणून. वैनी मागं आडवी, दादाच्या मांडीवर डोकं. परभणीत ऑपरेशन झालं, पोरगी झाली, दोघी जगल्या. वापस आल्यावर डायवरमामानं मी बसलेली सीट फडक्यानं पुसली. त्याच्यासमोरच तर हे खोटं लिहिलतं. मला वाटलं, मस्करी करायलाय.

वहीतलं नाव कंपाउंडरनं वाचलं अन् आठ दिवसांत गावानं. न्हावी म्हणला उद्या ये, अन् त्याचा उद्या काही उगवला न्हाई. चहावाल्यानं माझा कप येगळ्या खिळ्याला टांगला. अरे खोटं हाय, असं मी सांगायचो तर लोक म्हणायचे, तुझं खरं कधी असतंय? पुरं खरं सांगावं तर साहेबांची नोकरी जाती. अन् वैनी त्यांच्या सहीवर जगलेली. वालूरहून निरोप आला, सध्या थांबा.

साहेबांनी माझं रक्त औरंगाबादला पाठवलं. दोन महिन्यांनी कागद आला, दोष नाही. तो खिशात घालून मी गावभर फिरलो. न्हाव्यानं हात न लावता लांबूनच वाचला.

"डॉक्टरचा आवाज काढतोस," तो म्हणला, "सही काढायला तुला काय लागतंय?"

मग वालूरचे पाहुणे, मुलीचे वडील, सोताच आले. भला माणूस. मला म्हणले, बाबा, साहेबांनी तोंडानं सांगितलं की झालं, तिथी धरू. ते आत गेले, मी दारापाशी थांबलो. साहेबांनी सांगितलं, पोरगा ठणठणीत आहे, माझी हमी.

"मग साहेब, त्याचं नाव लिवलं कशापायी?"

साहेबांनी चष्मा ढकलला. खिडकीतून जीपकडं बघितलं. त्यांचा आवाज माझ्या गळ्यापर्यंत आलता, त्या आवाजात एका दमात सगळं सांगता आलं असतं. मी तो तसाच गिळला. पाहुण्यांनी दोघांना हात जोडले अन् चहा न घेता यष्टीकडं गेले.

त्याच आठवड्यात ताडकळसचा बाजार होता. गर्दी पहिल्याच्या डबल, पण चार हात लांब उभी. मी ट्रकवाल्याचं खोकणं काढलं, जिथं लोक सगळ्यात जास्त हसायचे. कोणी हसेना. एका म्हातारीनं पदर डोळ्याला लावला अन् शेजारणीला म्हणली, खरा हाय गं ह्यो.

साहेबांच्या कामाला वरून शाबासकी आली, पुढच्या वर्षाचा पैसाबी मंजूर झाला. मी म्हणलो, मी सोडतो, दुसरा बघा. साहेबांनी दोन पोरं आणून बघितले. दोघंबी चुणचुणीत होते. पण माझ्या तोंडाजवळचा तो माइक काही त्यांनी हातात घेतला न्हाई.