फटफटीच्या पोटाखालची कढई

पवनारच्या चंद्रभानने अठ्ठ्याहत्तर साली जुनी फटफटी घरी आणली, तेव्हा त्याच्या बापाने, अण्णाजींनी, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "हे चारा खात नाई, शेण देत नाई. मंग करते काय?"

"पळते, बाबा."

"पळून तं चोर बी जाते."

चंद्रभान हसला. बत्तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, तरी अंगातली खोडी गेली नव्हती. दुपारी पारावर डुलक्या घेणाऱ्यांचे जोडे अदलाबदल करून ठेवायचे आणि दूर उभं राहून मजा पाहायची, हा त्याचा आवडता उद्योग. बाकी माणूस कष्टाळू. धाम नदीच्या अंगाला त्याची भाज्यांची वाडी होती. वांगी, टमाटे आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, तो वर्ध्याच्या बाजारात न्यायचा. अडचण एकच होती. वाडीपासून सडकेपर्यंतची पांदण म्हणजे नुसते दगड. बैलबंडी त्यावरून डुलत डुलत जायची. चंद्रभान मात्र फटफटी अशी उडवायचा की मागच्या पोत्यातली वांगी भरीत होऊनच बाजारात पोचायची.

एका सकाळी पांदणीत खालून 'खट्ट' असा आवाज आला. चंद्रभानने उतरून पाहिलं तर दगडाने इंजिनाच्या पोटाला भोक पाडलेलं, आणि तेल धुळीत सांडत होतं.

अण्णाजींना इतका आनंद पोळ्यालाही झाला नसेल. त्यांनी बैलजोडी आणली, फटफटीला दोर बांधला आणि वरात गावातून काढली. चंद्रभान हँडल धरून खाली मान घालून बसलेला. प्रत्येक दारासमोर अण्णाजी बैल थांबवत. "पाहा हो, पळणारी गाडी! जरा डोये भरून पाहा!" घराशी आल्यावर चंद्रभानची बायको गोपिका दारातच उभी होती. तोंडात पदराचा बोळा कोंबूनही तिचं हसू दिसत होतं.

नालवाडीला बबनराव मिस्त्रीचं दुकान होतं. त्याने भोक बुजवून दिलं आणि बजावलं, "आता पुन्हा दगड लागला तं मायाकडे आणू नको, भंगारवाल्याकडे ने. इंजिनाखाली जाड पत्रा बसव. पिंपाचा पातळ पत्रा चालत नाई, तो चेपते. लोखंड जाड पायजे अन् जरा गोल पायजे, म्हंजे दगडावरून घसरते."

जाड आणि गोल! चंद्रभानच्या डोळ्यांपुढे लगेच कढई उभी राहिली. मारुतीच्या देवळामागे गावजेवणाची मोठी लोखंडी कढई कितीतरी दिवस पालथी पडली होती. एका बाजूने तडकलेली, आतमध्ये कोंबड्या अंडी घालत. पण गावाची भांडी वासुदेवरावांच्या ताब्यात. तडकलेलं भांडंसुद्धा ते जावयासारखं जपायचे.

"काकाजी, परातीएवढा तुकडा द्या," चंद्रभान म्हणाला.

"गावाची वस्तू हाय ते. आज तुकडा मागतं, उद्या मारुती मागशीन."

चंद्रभान रिकाम्या हाताने परतला. पण त्याला ठाऊक होतं की वासुदेवरावांना फटफटीवर बसायची भारी हौस आहे. बाजाराच्या दिवशी त्याने गोड आवाजात विचारलं, "काकाजी, वर्ध्याले येता का? आदी वाडीतून माल घेऊ, मंग सुसाट."

वासुदेवराव धुतलेलं धोतर नेसून आले. वाडीत पोती लादली, आणि पांदण सुरू झाली. पहिल्या दगडापाशीच चंद्रभानने गाडी थांबवली.

"उतरा काकाजी. खालून पत्रा नाई न, वजनानं इंजिन टेकते."

वासुदेवराव उतरले, दगड ओलांडून पुन्हा बसले. दहा हातांवर दुसरा दगड. "उतरा काकाजी." मग तिसरा. मग चंद्रभान म्हणाला, "हे टमाट्याचं टोपलं जरा डोक्यावर घ्या बरं, तेवढंच वजन कमी." सडक लागेपर्यंत धोतर गुडघ्यापर्यंत मातीने रंगलं होतं आणि डोक्यावर टोपलं होतं.

"काऊन रे," धापा टाकत त्यांनी विचारलं, "पत्रा असता तं?"

"पत्रा असता तं तुमी राजासारखे बसून राह्यले असते."

त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी कोंबड्या हाकलल्या आणि कढई चंद्रभानच्या अंगणात आणून टाकली.

बबनरावाने तडकलेली बाजू सोडून चांगला तुकडा कापला. तापवून, ठोकून त्याच्या कडा वळवल्या. पुढून गाडीच्या सांगाड्याच्या नळीला दोन पट्ट्या आवळल्या, मागून बोल्ट घातले, आवाज होऊ नये म्हणून मध्ये जुन्या ट्यूबचे रबर ठेवले. तेल काढायच्या बोल्टासाठी खाली भोकही पाडलं. दोघेही मागे सरून कौतुकाने पाहू लागले. मग बबनरावाने स्टँड लावायला पाय घातला, तर स्टँड कढईला अडून खालीच येईना.

"हे राह्यलं बे," तो डोकं खाजवत म्हणाला.

पुन्हा सगळं सोडवलं, एक कोपरा छाटला आणि पुन्हा बसवलं.

पुढच्या बाजाराला वासुदेवराव हक्काने मागे बसले. पांदणीत पहिल्याच दगडावर 'ठण्ण!' असा आवाज झाला. त्यांनी दोन्ही पाय वर घेतले.

"काय फुटलं रे?"

"काई नाई काकाजी. कढईनं रामराम केला."

गाडी दगडांवरून अशी घसरत गेली की चंद्रभान मोठमोठ्याने गाऊ लागला. सुरात नव्हतं, पण पुढे चाललेल्या बैलबंडीला मागे टाकताना त्याने अण्णाजींकडे पाहून एक तान घेतलीच.

मग विहिरीच्या काठावर चंद्रभानचा पाय मुरगळला. महिनाभर तो खाटेवर, फटफटी वाडीतल्या छपरात पाटाच्या कडेला. एके दिवशी गोपिका वाडीतून आली ती पोट धरून हसतच.

"अवो, तुमच्या गाडीले सांबार उगवला!"

तो लंगडत पाहायला गेला. खरंच! कढईच्या खोलगट तुकड्यात काळी माती साचली होती, बियाण्याच्या फाटक्या पोत्यातले धने त्यात पडले होते, पाटाचं पाणी उडत होतं, आणि इंजिनाखाली हिरवागार वाफा डोलत होता. गोपिकाने तो खुडला आणि वांग्याच्या भाजीवर घातला.

चंद्रभानने दोन घास खाल्ले आणि थबकला. "याले इंजिनाचं तेल तं नसन लागलं?"

"म्हणून तं फोडणीत तेल कमी टाकलं," गोपिका म्हणाली.

पाय बरा झाल्यावर बबनरावाने चिखल गळून जावा म्हणून पत्र्याला भोकं पाडून दिली. पण त्या वाफ्याचा परिणाम अण्णाजींवर झाला. जे माती धरून पीक देतं ते बैलासारखंच शेतीचं जनावर, हे त्यांना पटलं. बाजाराच्या दिवशी ते फेटा बांधून वाडीत आले, तर मागच्या सीटवर वासुदेवराव आधीच बसलेले.

"उतर वासुदेवा. पोरगा माया हाय."

"कढई गावाची हाय!"

"गावाची हाय तं कढईत बस. सीटवर काऊन बसला?"

वासुदेवराव तावातावाने खाली उतरले. अण्णाजी पुढे सरसावले. दोघांची बोटं एकमेकांच्या नाकाशी पोचली, आणि आजोबापणजोबांच्या गोष्टी निघाल्या. चंद्रभानने हळूच पोती आवळली, किक मारली आणि निघाला. पांदणीच्या वळणावर त्याने मागे पाहिलं. सीट गाडीसकट निघून गेली आहे, हे अजून दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.